पाचशे रुपयांचा पाला

"पाचशे रुपये वं बाई! पाचशे! अन् आलं काय, तं पाला!"

आमच्या आणि काकूंच्या घरामधलं वॉलकंपाउंड बरोबर कोपर टेकता येईल एवढ्याच उंचीचं आहे. चांदूर रेल्वेत बहुतेक गल्ल्यांत ते तसंच असतं. यापेक्षा उंच भिंत कोणी घातली, की लोक म्हणतात, 'यायच्या घरात काहीतरी भानगड हाय.' तर त्या भिंतीवर कोपरं टेकवून काकू पुण्याची हकीकत सांगत होत्या. धाकटी लेक, जिला सगळं घरदार 'लहानी' म्हणतं, तिकडे बाणेरला एका कंपनीत आहे. जाताना काकूंनी तिच्यासाठी तुरीची दाळ, ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी आणि फल्लीचं तेल नेलं होतं. बडनेऱ्याला परत उतरल्या त्या हा एवढा राग घेऊन.

"लहानी म्हणे, आई, आज सैपाक नको करू, बाहेर जाऊ. मले वाटलं थाळी असन, गरम पोया येतीन. तं तो काया कपड्यायतला पोट्टा आला, अन् टेबलावर ही एवढी परात ठेवली. हिरवा पाला, जांभया पाला, एक तं निरा कातरेल पाला. मी म्हटलं, बापू, हे शिजवून आण. तं लहानी टेबलाखालून माया पायावर पाय देऊन राह्यली!"

"अन् चव कशी होती?"

"चव कायची वं? पानं ओली. वरून काहीतरी आंबट-गोड सांडेल. अन् बुडाशी हे एवढं पाणी. म्या चमच्यानं पाणीच पेलं आधी."

पाणी म्हटल्यावर मला सगळं कळलं. मी म्हटलं, "काकू, सॅलड वाईट नसतं. तुमचं हॉटेल वाईट होतं."

काकूंनी हॉटेलचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण चांदुरातली बातमी पुण्याला पोचायला रेल्वे लागत नाही.

मुंबईत नोकरीची बरीच वर्षं काढून मी निवृत्तीनंतर इकडे परतले, म्हणून गल्लीत माझं नाव 'मुंबईवाली'. विमानतळापासून ते विजेच्या बिलापर्यंत मुंबईचं काहीही असलं की माझ्या भिंतीशी येतात. पण काकूंना त्या दिवशी नुसता राग काढायचा नव्हता. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, आवाज अर्ध्यावर आणला आणि खरी गोष्ट काढली.

लहानीला स्थळ आलं होतं. मुलगा मुंबईत, घरचे लोक मूळचे अकोटकडचे, आता डोंबिवलीत. कांदेपोहे वगैरे काही नाही. मुलाची आई म्हणाली, आपण मुंबईतच कुठे बाहेर जेवायला भेटू, मुलं मुलं बोलतील. आणि मुलगा सॅलड खाणारा. व्यायामशाळेत जातो, रात्री भात खात नाही, असं बरंच काही बायोडाटात नसलेलं काकूंपर्यंत पोचलं होतं.

"आता तूच सांग माय, कुठी नेऊ त्यायले? चांगलं सॅलड भेटलं पाह्यजे, अन् मायं नाक नाई कापल्या गेलं पाह्यजे. अन् ह्यायले भाकर नाई भेटली तं हे तथीच बोंबलतीन, ते येगळं."

'हे' म्हणजे काकाजी. ते ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर वाचताना त्यांना सगळं ऐकू येतं. हाक मारली की मात्र येत नाही.

मी म्हटलं, पहिली गोष्ट ही, की सॅलड चांगलं कुठे मिळतं हे हॉटेलच्या रंगरंगोटीवरून कळत नाही. दुपारी एक वाजता तिथे कोण जेवतंय ते बघायचं. ऑफिसची माणसं रोज जिथे सॅलड मागवतात तिथे पान फ्रीजमध्ये पडून राहत नाही. म्हणून मुंबईत फोर्ट, काळा घोडा, लोअर परळ, वांद्रे-कुर्ला संकुल, आणि पुण्यात कोरेगाव पार्क, कल्याणीनगर. लग्नाच्या जेवणासाठी प्रसिद्ध असलेल्या, शंभर पदार्थांचं मेन्यूकार्ड असलेल्या हॉटेलात सॅलड कधीच मागवू नये. तिथे 'ग्रीन सॅलड' म्हणजे काकडीच्या चकत्या, टमाट्याच्या चकत्या, कांद्याच्या चकत्या आणि मधोमध लिंबाची फोड. त्याचे पैसे घेतात हेच नवल. आपल्याकडे सावजीत कांदा-लिंबू न मागता येतं.

"अन् पाणी?" काकूंचं मन अजून त्या पाण्यात होतं.

"पान धुतल्यावर कोरडं करावं लागतं, काकू. चांगल्या हॉटेलात जाळीचं भांडं असतं, गरगर फिरवलं की पाणी उडून जातं."

"आपण पंच्यात गुंडाळून झटकतो तसं."

"हो. आणि मीठ, लिंबू, तेल अगदी वाढताना घालायचं. तुम्ही काकडीच्या कोशिंबिरीला मीठ कधी घालता?"

"पानं मांडल्यावर. नाई तं पाणी सुटते." एवढं बोलून काकू गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "म्हंजे त्या पुण्याच्या पोट्ट्यानं सकायीच मीठ लावून ठेवलं व्हतं!"

हे त्यांना इतकं लागलं, की पाचशे रुपयांचं दुःख त्यामागे गेलं. पैसे जाणं वेगळं, आणि कोशिंबीर न येणाऱ्याला पैसे देणं वेगळं.

मग मी ठिकाणं सांगायला घेतली. पहिलं नाव बर्मा बर्माचं. फोर्टात, २०१४ साली निघालं, पुढे दुसऱ्या शहरांतही गेलं. पूर्ण शाकाहारी, दारू नाही. म्हणजे काकूंच्या गळ्यातली माळ आणि काकाजींची तब्येत दोन्ही सुरक्षित.

"बर्मा म्हंजे मंडाले नं?" ओसरीवरून आवाज आला. "टिळकांना सहा वर्षं ठेवलं होतं तथी. गीतारहस्य तथीच लिहिलं."

"हो काकाजी, तोच देश. १९०८ ते १९१४."

"टिळकांनी खाल्लं असन का वं हे सॅलड?" काकूंचा प्रश्न.

"तुरुंगात कोण देते सॅलड?" काकाजींनी पेपरचं पान उलटलं.

ब्रह्मदेशातले लोक चहा नुसता पीत नाहीत, खातातही. चहाची कोवळी पानं वाफवून, दाबून, महिनोन् महिने आंबवून ठेवतात. मग ती पानं, त्यावर तळलेला लसूण, भाजलेले शेंगदाणे, तीळ, तळलेली कडधान्यं, बारीक चिरलेली पत्ताकोबी, टमाटर आणि लिंबू. सगळं ताटात वेगवेगळं मांडून आणतात आणि समोर कालवतात. लाफेत थोक म्हणतात त्याला. मुंबईत मी खाल्लेल्यांतलं हे माझ्या मते सगळ्यात खमंग सॅलड. आंबट, तुरट, तेलकट, कुरकुरीत, सगळं एकाच घासात.

काकू ऐकत होत्या आणि त्यांच्या बोटांची आपोआप कालवण्याची हालचाल सुरू झाली होती. "फल्लीदाणे हाय, लसूण हाय, कच्चा पाला हाय, वरून तेल... व माय, हा तं घोळाणा!"

इथे मला थांबावंच लागलं, कारण काकूंचा घोळाणा हा आमच्या गल्लीतला वादाचा विषय आहे. मेथीचा घोळाणा सगळ्याच करतात: कोवळी मेथी हातानं तोडायची, सुरी लावायची नाही, कांदा नाहीतर पातीचा कांदा बारीक चिरायचा, हिरवा सांबार म्हणजे कोथिंबीर, तिखट, मीठ, फल्लीचं कूट, आणि वरून कच्चं तेल. हातानं हलकं घोळायचं आणि लगेच भाकरीवर घ्यायचं. पण काकूंचा हात बसलाय तो हरभऱ्याच्या घोळाण्यावर. पौषाच्या थंडीत हरभरा वीतभर झाला की त्याचे शेंडे खुडतात. खुडल्यानं झाडाचं नुकसान नाही, उलट ते जास्त फुटतं, म्हणून शेतमालकही बायकांना अडवत नाही. त्या पानांवर आंब असते. पहाटे शेतात पंचा पसरून ती आंब टिपून घेणारे म्हातारे मी लहानपणी पाहिलेत. पोट दुखलं की तिचे दोन थेंब देत. विज्ञानाच्या पुस्तकात तिला मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल म्हणतात. त्यामुळे हरभऱ्याच्या घोळाण्यात लिंबू पिळणाऱ्या बाईला काकू मनातल्या मनात नापास करतात.

आणि शेंडे धुवायचे की नाही, हा तर पंचवीस घरांत फूट पाडणारा प्रश्न. काकू म्हणतात, धुतलं की आंब गेली, मग खाता कायले? समोरच्या वयनी म्हणतात, हल्ली औषध मारतात, न धुता खाल्लं तर दवाखान्यात जाल. पूर्वी काकूंचं बरोबर होतं, आता वयनींचं आहे. मी हे दोघींनाही वेगवेगळं सांगितलं आहे.

समोरच्या वयनींचं नाव काढलं आणि त्या खराटा घेऊन हजर. गल्लीचा त्यांचा भाग झाडून झालाच होता, आता त्या आमचा भाग झाडत होत्या. म्हणजे ऐकत होत्या.

"सॅलड म्हंजे ते लग्नातलं ना? त्या दिवशी अमरावतीले लग्नात होतं. टरबुजाचा मोर केला व्हता. अन् मोराच्या पायाशी ते पांढरं-पांढरं, गोड, त्यात आलू अन् मटर."

ते रशियन सॅलड. मॉस्कोत हर्मिटेज नावाच्या हॉटेलात ल्युसिएँ ऑलिव्हिए नावाच्या आचाऱ्यानं १८६० च्या दशकात केलं तेव्हा त्यात बरीच श्रीमंत सामग्री होती. फिरत फिरत वऱ्हाडातल्या मंगल कार्यालयात पोचेस्तोवर आलू आणि मटर उरले. उन्हाळ्यातल्या लग्नात ते दोन तास मंडपात ठेवलेलं असतं, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही. वयनींनी दोनदा घेतलं होतं, आणि त्या धडधाकट आहेत.

"आता दुसरं सांग," काकूंना घाई होती. "मुलाची आई म्हणे मोठ्या हॉटेलात जाणारी हाय."

मोठं म्हणाल तर कुलाब्याचं द टेबल. २०११ पासून आहे. त्यांचं अलिबागकडे स्वतःचं शेत आहे. सॅलडची पानं, मुळे, झाडपाला तिथून हॉटेलात येतो. तिकडचा पांढरा कांदाही नावाजलेला. तर सकाळी खुडलेलं पान दुपारी ताटात, हा त्यातला मुद्दा. पैसे मात्र पुण्याच्या पाचशेला लाजवतील एवढे.

"हॉटेलवाल्याची शेती?" काकाजींनी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. "अन् परवडते?"

"परवडत असेल, काकाजी. ते पान बाजारात विकत नाहीत, ताटात विकतात."

काकाजींनी यावर बराच विचार केला. त्यांच्या शेतात यंदा सोयाबीन होतं. भाव मी विचारला नाही.

"इंडिगो काऊन नाई सांगत? आमच्या साहेबांनी सांगितलं व्हतं एकडाव," काकाजी म्हणाले. ते सहकारी बँकेत होते आणि त्यांचे साहेब मुंबईला बैठकांना जात.

इंडिगो राहुल आकेरकरांचं. १९९९ मध्ये कुलाब्यात निघालं. पंचतारांकित हॉटेलाच्या बाहेर असं युरोपी जेवण मिळू शकतं हे मुंबईला ज्यांनी पटवून दिलं, त्यांत त्यांचं नाव वर. पण ते २०१८ ला बंद झालं. मुंबईत हे असंच. म्हणून मी काकूंना बजावलं, की मी सांगितलेल्या कुठल्याही ठिकाणी आधी लहानीला फोन करायला लावा. नाहीतर मुलाच्या आईला घेऊन तुम्ही एखाद्या कपड्याच्या दुकानापुढे उभ्या राहाल.

तिसरं नाव मी जरा भीतभीतच काढलं, कारण काकाजी पुन्हा पेपर ठेवणार हे ठाऊक होतं. लोअर परळला कमला मिलच्या आवारात बॉम्बे कँटीन आहे, २०१५ पासून. फ्लॉइड कार्डोझ हा मुंबईत जन्मून न्यूयॉर्कमध्ये नाव काढलेला शेफ त्यात होता. २०२० च्या मार्चमध्ये करोनानं गेला. देशी धान्य, देशी भाज्या, पण मांडणी निराळी, असा त्यांचा बाणा. सुरुवातीच्या मेन्यूत ज्वारीचं सॅलड होतं.

"ज्वारीचं?" तिघांनीही एकदम विचारलं. खराटा थांबला.

"हो. शिजवलेली अख्खी ज्वारी आणि जव, त्यात फळं वगैरे."

"म्हंजे घुगऱ्याच." वयनी.

"माया बापाच्या काळात या पट्ट्यात नजर जाईन तथपर्यंत ज्वारी दिसे," काकाजी म्हणाले. "पाखरं राखाले आम्ही मचाणावर बसो. आता हुरडा खायचा म्हटलं तं कोणाच्या शेतात भेटन हे विचारा लागते. ज्वारी खाणारे गेले मुंबईले, अन् ज्वारी गेली त्यायच्या मागं."

यावर कुणी काही बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, "पण आज असन का ते? नाई तं आपण जाऊ अन् म्हणतीन, ज्वारी सरली." ही शंका योग्य होती. अशा ठिकाणी मेन्यू हंगामाप्रमाणे बदलतो. कोणत्याही एका पदार्थासाठी मुलाच्या आईला एवढ्या दूर न्यावं असं मी म्हणणार नाही.

साधं, लहानीच्या वयाच्या मुलांचं ठिकाण म्हणून वांद्र्याचं किचन गार्डन बाय सुझेटही सांगून ठेवलं. मूळ सुझेट तीन फ्रेंच मंडळींनी सुरू केलेलं. किचन गार्डनमध्ये सॅलड हेच जेवण असतं, तोंडीलावणं नव्हे. एका वाडग्यात पोट भरतं. पण विहिणीला पहिल्या भेटीत वाडगा देणं काकूंना पटेना.

"पुण्यातच भेटले तं?" वयनींनी सुचवलं. त्यांच्या भावाचं घर कोथरूडला आहे, त्यामुळे सगळं पुण्यात व्हावं असं त्यांना नेहमी वाटतं.

पुण्यात कोरेगाव पार्कचं मलाका स्पाइस आहे, १९९७ पासून. मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम तिकडचं जेवण. तिथलं कच्च्या पपईचं थाई सॅलड मागवायचं. पपई किसून, त्यात मिरची, लसूण, फल्लीदाणे, लिंबू, गूळ, आणि ते खलबत्त्यात ठेचायचं. खलबत्ता म्हटल्यावर काकूंचा चेहरा खुलला. पण एक अट. थाई लोक त्यात मासळीचं पाणी घालतात, फिश सॉस. शाकाहारी पाहिजे असं बसल्याबरोबर सांगायचं, पदार्थ आल्यावर नाही.

"मासयीचं पाणी? सॅलडात?"

आणि हे निघालंच आहे तर मी सीझर सॅलडचंही सांगून टाकलं, कारण शहरात बरेच लोक तेच मागवतात. वरून दिसतं निरुपद्रवी: पानं, पावाचे कुरकुरीत तुकडे, चीज. पण त्याच्या सॉसमध्ये अँकोव्ही नावाची बारीक खारवलेली मासळी वाटलेली असते, शिवाय कच्चं अंडं. आणि अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. भारतात पुष्कळ हॉटेलं शाकाहारी सीझर करतात, पण 'व्हेज' लिहिलंय ना ते बघायचं, आणि तरी विचारायचं.

काकूंचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. "लहानीनं काय खाऊ घातलं मले, देव जाणे."

"तुमचं व्हेजच असणार, काकू. तिला माहीत असतं."

"सीझर म्हंजे तो रोमचाच नं?" काकाजी. मॅट्रिकला त्यांना इतिहासात चांगले मार्क होते.

रोमचा नव्हे. सीझर कार्डिनी नावाचा इटलीचा माणूस अमेरिकेत गेला. तिथे तेव्हा दारूबंदी. म्हणून त्यानं सरहद्दीपलीकडे, मेक्सिकोतल्या तिहुआना गावी हॉटेल काढलं. १९२४ च्या ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, पलीकडून एवढी गर्दी लोटली की मुदपाकखान्यातलं सगळं संपलं, आणि होतं नव्हतं ते त्यानं गिऱ्हाइकांच्या टेबलापाशी उभं राहून कालवलं, अशी गोष्ट सांगतात.

"म्हंजे निरा पुलगावसारखं," काकाजी खूश झाले. "वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, म्हून नदीच्या अलीकडं गर्दी. पण आपल्या इकडच्यानं काही सॅलड नाई शोधलं."

"चकना शोधला असन," वयनी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

त्या कार्डिनीच्या सॅलडात पानं अख्खी असत. देठाला धरून हातानं उचलून खायची. काटे-चमचे नंतर आले. हे ऐकून काकूंना पुण्याचा सगळा अपमान धुऊन निघाल्यासारखं झालं, कारण त्यांनीही हातच घातला होता आणि लहानीनं डोळे वटारले होते.

"पण हा पाला येते कुठून?" काकाजींना शेतीचं लागलं की ते सोडत नाहीत. "आपल्या बाजारात तं नाई दिसत."

मुंबईत पूर्वीही मोजक्या बाजारांत मिळायचा. क्रॉफर्ड मार्केटात, ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत, वांद्र्याच्या पाली नाक्याला. परदेशी लोक आणि मोठी हॉटेलं नेत. मोठा फरक पडला १९९६ नंतर, मॅकडोनाल्ड्स भारतात आलं तेव्हा. बर्गरमध्ये घालायला त्यांना आइसबर्ग लेट्यूस बारा महिने पाहिजे होतं, आणि ते इथे तेवढं पिकत नव्हतं. पुण्याजवळ तळेगाव दाभाड्याला त्रिकाया नावाची कंपनी परदेशी भाज्या पिकवायची, तिनं ते पुरवलं. उटीकडेही लावलं गेलं. थंड गाडीतून ने-आण सुरू झाली. एकदा तळेगाव, पाचगणी या बाजूला पान पिकायला लागलं आणि गाड्या धावायला लागल्या, की मग बाकीच्या हॉटेलांनाही ते परवडू लागलं. आइसबर्गला स्वतःची चव जवळजवळ नसते. कुरकुरीत पाणीच ते. काकूंच्या परातीत तेच जास्त असणार. चांगली ठिकाणं रॉकेट, रोमेन अशी चवीची पानं वापरतात, आणि हल्ली मुंबई-पुण्याच्या आसपास मातीशिवाय, पाण्यावर वाढवलेली पानंही येतात.

"उन्हायात?"

उन्हाळ्यात मोकळ्या रानातलं लेट्यूस लगेच बियावर येतं आणि कडू होतं. थंड जागी किंवा पॉलिहाउसमध्ये वाढवलेलं ठीक. पावसाळ्यात पानापानात चिखल. आपल्या आज्या चातुर्मासात पालेभाजी टाळत, त्यामागचं धर्मकारण बाजूला ठेवलं तरी कच्च्या पानाबाबत मी आजही त्यांच्याच बाजूची आहे. ही बैठक मार्गशीर्षात होणार होती. सॅलडाला याहून चांगला महिना नाही.

"म्हंजे मुहूर्त चांगला हाय," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी निवड केली. द टेबल महाग, म्हणून बाद. 'पह्यल्याच भेटीत एवढं दाखवलं तं पुढं मानपानाले काय मागतीन?' बॉम्बे कँटीनला ज्वारी नसली तर काकाजी उदास होतील, म्हणून तेही बाद. बर्मा बर्मा. मासळीची शंका नाही, दारू नाही, फल्लीदाणे आहेत, आणि काकाजींना विहिणीपुढे टिळकांवर बोलता येईल. फक्त काकाजींच्या भाकरीचा प्रश्न राहिला. वयनींनी सुचवलं, की डब्यात नेऊन आधीच गाडीत खाऊन घ्यावी. हे सर्वानुमते मान्य झालं. काकाजींचं मत कुणी घेतलं नाही.

"आणि काकू," मी म्हटलं, "ते समोर कालवतात तेव्हा 'मी कालवतो' म्हणून हात पुढे करू नका."

"नाई वं." पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. "अन् बिल कोण देते अशा टायमाले? मुलाकडचे का मुलीकडचे?"

"बोलावलं त्यायनं, बिल त्यायनं द्याव," काकाजी.

"हॉटेल आपण सांगितलं नं पण!"

या मुद्द्यावर वाद रंगणार, तेवढ्यात वयनींनी खराटा भिंतीला टेकवला आणि इतका वेळ पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. "ते सगयं ठीक हाय वो काकू. पण आडनाव काय म्हटलं त्या मुलाचं?"

काकूंनी सांगितलं.

वयनींनी माझ्याकडे पाहिलं, मी वयनींकडे. काकूंचं कोपर भिंतीवरून सुटलं. "काऊन? काय झालं? बोल नं वं!"

"काई नाई... म्हंजे तेच का, ज्यायची सोयरीक धामणगावले साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मोडली?"

"ते येगये असतीन! ते अकोलखेडचे व्हते."

"अकोलखेड अकोटलाच हाय नं पण," काकाजी म्हणाले, आणि पेपर घडी करून चपला घालून थेट भिंतीशी आले.